उजव्या मुठीचा मसाला

माझगाव
२० फेब्रुवारी १९५५

फ्लॉसी,

तू माझी मसाल्याची पेटी उघडलीस. उघडली नाही असं लिहू नकोस, कागद फुकट जाईल. परवा आमचे हे केळ्यांची फणी घेऊन इथे माझ्या भावाकडे, व्हिक्टरच्या घरी आले, खुर्चीवर टेकले, आणि पहिलं वाक्य काय, तर ‘फ्लॉसी म्हणते, फर्डिनंडच्या लग्नाचा मसाला यंदा ती कुटेल.’ तुझा हात कसा आहे, हे दुसरं वाक्य. तेही मी डोळे वटारल्यावर. मी विचारलं, तुम्ही माझे नवरे की धाकट्या जावेचे टपालवाले? तर म्हणाले, केळं खा.

लग्न माझ्या मुलाचं. वरमाई मी. पेटी सासूबाईंनी माझ्या ताब्यात दिली, तुझ्या नाही. आठवत नसेल तर आठवण करून देते. तू नवी सून होऊन आलीस त्याच उन्हाळ्यात म्हातारीने आपल्या दोघींना धण्याच्या पोत्यापुढे उभं केलं आणि मुठी भरायला लावल्या. माझी मूठ उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, ‘ही माझीच मूठ.’ तुझ्या मुठीतले धणे सांडले होते. कोंबड्यांनी खाल्ले. मी विसरलेले नाही आणि कोंबड्या जिवंत असत्या तर त्याही विसरल्या नसत्या.

हाताचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मनगटात म्हणे आठ हाडं असतात, एकेक गारगोटीएवढं. देवाने एवढा बारीक ऐवज कशाला भरून ठेवला, त्यालाच ठाऊक. त्यातलं एक हाड, डॉक्टर म्हणाला चंद्रकोरीसारखं दिसतं, ते जागा सोडून तळहाताच्या बाजूला येऊन उपडं पडलं होतं, आणि बाकीची सगळी मागे सरकली होती. म्हणून अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेल्यासारखी बधिर झाली. जूचंद्रच्या हाडवैद्याने हात ओढून बांबूच्या कामट्या बांधल्या त्याने काहीच झालं नाही, फक्त त्याला माझी एक लाथ बसली. इथल्या डॉक्टरांनीही आधी नुसता ओढून बघितला. हाड हटून बसलं होतं. शेवटी नाकावर जाळी ठेवून औषध हुंगवलं, मनगट चिरलं, हाड जागेवर बसवलं आणि हलू नये म्हणून आत दोन तारा घातल्या. वर कोपरापर्यंत प्लास्टर. हात सदा उंच ठेवायचा. वॉर्डात जो तो मला विचारायचा, बाई, काय पाहिजे?

आणि हे सगळं त्या तुझ्या लाडक्या बैलामुळे. रहाटाला जुंपलेला उभाच राहिला, म्हणून मी मागून दांडा ढकलला. तो ढकलेपर्यंत उभा, आणि मी सगळा जोर लावला तेव्हा चालायला लागला. मी पालथी दगडावर, हात पुढे.

हे डाव्या हाताने लिहितेय. शाळेत दोन इयत्ता गेला तो उजवा हात. डावा अडाणीच आहे, समजून वाच.

मिरचीला हात लावू नकोस.

हेलन


सांडोर
२ मार्च १९५५

मोठ्या जाऊबाईंस फ्लॉसीचा नमस्कार.

पत्र पोचलं. दोनदा वाचावं लागलं, एकदा अक्षरासाठी आणि एकदा रागासाठी.

पेटी मी उघडली, खरं आहे. आत झुरळ शिरलं होतं. ते मारलं आणि झाकण लावलं. तुम्ही म्हणाल तर पुढच्या वेळी झुरळाला राहू देईन.

बैल बरा आहे. रहाटाला जुंपला की आधी मान वळवून मागे कोण आहे ते बघतो, मग चालतो. तुमच्या पडण्याचा एवढा उपयोग झाला.

जाऊबाई, रागावू नका, पण लग्न मेच्या शेवटी. मिरच्या वाळायच्या, कुटायच्या, वस्त्रगाळ करायच्या, बरण्यांत मुरायच्या. सुझानची आई परवा चर्चमध्ये मासच्या वेळी भेटली. ‘आमच्या मुलीच्या मांडवात मसाला कोणाचा?’ असं विचारलं. मी काय सांगू? म्हणून मी भावजींना तसं म्हटलं. तुम्ही मापं लिहून पाठवा, मी तुमच्याच मापाने करते. सगळंच मुठीने मोजायचं ना? मग माझी मूठ काय नि तुमची काय. लहान मुठीचा लहान घाणा होईल, दोनदा करू.

फर्डिनंड विचारतो, आई जेवते का.

तुमची
फ्लॉसी


माझगाव
९ मार्च

फ्लॉसी,

सातवी शिकलीस ती कोणत्या शाळेत? मिरची टोपलीने मोजतात! टोपली सगळ्यांची सारखी. धणे, तीळ, खसखस, जिरं, मोहरी, मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल, भाजलेले गहू, हे मुठीने. मिरची तेवढीच आणि मूठ चिमणीची, तर मसाला नुसता जाळ. मूठ राक्षसाची, तर काढा. म्हणून तर म्हातारीने मूठ बघून पेटी दिली, तोंड बघून नाही. तोंड बघितलं असतं तर तुलाच दिली असती.

एका टोपलीला धण्याच्या बारा मुठी. बाकीचं वेगळ्या कागदावर लिहून पाठवते, कारण तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. पण लिहून उपयोग नाही. मूठ इथे माझगावात प्लास्टरच्या आत आहे. बोटं बाहेर आहेत तेवढी हलवायला सांगितलीत, ती हलवते. डॉक्टर तरुण आहे, चष्मेवाला, घाईत काहीच करत नाही. मी म्हटलं, हे लवकर काढा, मुलाचं लग्न आहे. तो म्हणाला, ‘हाडाला लग्नाचं आमंत्रण नाही, बाई.’ मी त्याला काही बोलले नाही. व्हिक्टरच्या बायकोला विचार.

प्लास्टरच्या आत खाज सुटते ती सांगता येत नाही. वहिनीची लोकर विणायची सुई घालून खाजवत होते. सुई आत गेली. अजून आतच आहे. डॉक्टरला सांगितलेलं नाही.

वाट बघ.

हेलन


सांडोर
२८ मार्च

मोठ्या जाऊबाईंस नमस्कार.

आधी चांगली बातमी. नमुन्याला एकच टोपली केली. बाकीच्या मिरच्या माळ्यावर सुरक्षित आहेत.

तुम्ही म्हणालात मूठ माझगावात आहे. खरं. पण मला वाटलं, या घरात ती मूठ ओळखणारं आणखी एक माणूस आहे. मी चुलीपाशी नारळाच्या करवंट्या मांडल्या, लहान-मोठ्या, आणि भावजींना बोलावून विचारलं, ‘जाऊबाईंच्या मुठीएवढी यातली कोणती?’ मी मधली उचलून दाखवली. भावजी हसले. त्याहून मोठी दाखवली. त्यांनी मान हलवली. मग ते स्वतः उठून मागच्या पडवीत गेले आणि पाणी प्यायची ती भलीमोठी करवंटी घेऊन आले. म्हणाले, ‘ही.’ मी म्हटलं, भावजी, एवढी? ते म्हणाले, ‘फ्लॉसी, तीस वर्षं मी तिच्यासमोर राहतोय. मला ठाऊक आहे.’

नवऱ्याहून जास्त कोण सांगणार, म्हणून मी त्याच मापाने घातलं.

आता दुसरी बातमी. मसाला काळा झाला. रविवारी बोंबलाच्या कालवणात घातला. घरभर औषधाच्या दुकानाचा वास. फर्डिनंडने एक घास खाल्ला, पाणी प्याला, आणि म्हणाला, लग्न पुढच्या वर्षी केलं तर? भावजींनी मात्र ताट चाटूनपुसून संपवलं. मला त्यांची दया आली.

सुईचं डॉक्टरला सांगा.

तुमची
फ्लॉसी


माझगाव
१२ एप्रिल

फ्लॉसी,

करवंटी! पाणी प्यायची करवंटी! तिच्यात गाय पाणी पिईल. त्यांना सांग, मी येतेय. बाकी काही सांगू नकोस, एवढंच सांग.

ईस्टरच्या आधी प्लास्टर काढलं. कात्रीने टराटरा कापलं. आतून सुई निघाली. डॉक्टरने ती दोन बोटांत धरून मला दाखवली आणि म्हणाला, ही आम्ही घातलेली नाही. मी म्हटलं, माहीत आहे, ती परत द्या, वहिनीची आहे. मग तारा उपसल्या. दुखलं. पण मी हूं केलं नाही. शेजारच्या खाटेवरचा गडी माझ्याकडे बघूनच बेशुद्ध पडायला आला होता.

हात असा दिसतो की माझा वाटत नाही. सुकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. आता व्यायाम. गरम पाण्यात बुडवून ठेवायचा. मग मनगट टेबलाच्या कडेवर ठेवून हात वर-खाली करायचा, जसं काही मी आगगाडीत बसलेल्या कोणाला निरोप देतेय. मग रबरी चेंडू दाबायचा. व्हिक्टरची पोरं तो चेंडू पळवतात आणि मी त्यांच्या मागे पळते, तोही व्यायामच.

हात ठीक आहे. डॉक्टर खूष आहे. मूठ मिटते, उत्तम मिटते. मेच्या पहिल्या आठवड्यात येते. कुटणाऱ्या बायांना सांगून ठेव. मिरच्या पुन्हा एकदा ऊन दाखव. सुझानच्या आईला सांग, मसाला हेलनचा.

हेलन


सांडोर
२० एप्रिल

जाऊबाई,

तुमचं पत्र मिळालं. मूठ मिटते हे वाचून भावजी अंगणात फेऱ्या घालायला लागले. आनंदाने की कशाने, ते मी विचारलं नाही.

पण पत्र डाव्या हाताचंच आहे. ओळी अजून वरून खाली घसरगुंडी खेळतात, आणि शेवटची ओळ कागदाच्या बाहेर पडायची तेवढी राहिलीय. मूठ उत्तम मिटत असती, तर लेखणी त्या हातात असती. तुम्ही एक दिवसही थांबला नसता. प्लास्टर सुटल्या सुटल्या उजव्या हाताने मला दोन पानं शिव्या आल्या असत्या. मी वाट बघत होते त्यांची.

हा संशय मी कोणाला सांगितलेला नाही. भावजींना तुमचं पत्रही गाळून वाचलं. काय खरं आहे ते मला लिहा. मी पेटीवर टपून बसलेय असं तुम्हाला वाटतं, माहीत आहे. धणे सांडले त्या दिवशी मी मागच्या दारी जाऊन रडले होते, हेही खरं. पण तेव्हा मी अठरा वर्षांची होते, जाऊबाई. आता मला पेटी नको. तुमची चूल गार बघून मला माझ्या चुलीवरचं गोड लागत नाही. पलीकडून कोणी ओरडत नाही.

फ्लॉसी


माझगाव
२६ एप्रिल

फ्लॉसी,

शहाणी आहेस. मला शहाण्या बाया आवडत नाहीत.

मिटत नाही. बोटं तळहाताला टेकत नाहीत, मध्ये अंगठा जाईल एवढी फट राहते. बोटांतली बधिरी गेली, सुई टोचली तर कळते, तो म्हणतो ही मोठी गोष्ट. मी विचारलं, मूठ कधी? सरळ सांगा, मला गोल गोल बोललेलं कळत नाही. तर म्हणाला, वर्ष लागेल. आणि वर्षानेही पूर्वीसारखी पुरती वळेल असं वचन देत नाही. हाड बरेच दिवस जागेबाहेर होतं. मी म्हटलं, मग एवढं चिरलंत कशाला? तो म्हणाला, नसतं चिरलं तर चमचाही धरता आला नसता. खरं असेल. चमचा धरते मी.

रोज वहिनीच्या डब्यातले धणे घेऊन बघते. मूठ भरते आणि खाली सांडतात. एका बाजूने सगळे सांडतात. वहिनी झाडते. काल ती कांदा चिरत होती, म्हणून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

तेव्हा पेटी तू घे. म्हातारीची अट मूठ होती, मूठ गेली. सुझानच्या आईला सांग, मसाला फ्लॉसीचा. करवंटी वापरू नकोस. तुझ्या मुठीने घाल आणि वर थोडं थोडं वाढव, जीभ चांगली आहे तुझी. हे मी एकदाच लिहितेय, पुन्हा लिहायला लावू नकोस.

फर्डिनंडला सांग, आई जेवते.

हेलन


सांडोर
१ मे

मोठ्या जाऊबाईंस साष्टांग.

तुमचं पत्र वाचून मी तासभर ओट्यावर बसून राहिले. मग उठले, कारण दूध उतू गेलं. दूध पुसताना एका हाताने भांडं धरलं होतं आणि दुसऱ्याने फडकं. आणि जाऊबाई, मला एकदम हसू आलं. भावजी धावत आले, त्यांना वाटलं मला वेड लागलं.

तुम्हाला आणखी एक हात आहे.

डावा. त्याच बाईचा. देवाने दोन्ही एकाच मापाचे दिलेत. जानेवारीपासून डॉक्टरने बघितला नाही, भावजींनी बघितला नाही, मी बघितला नाही, आणि तुम्ही तर त्याच हाताने एवढी पत्रं लिहिलीत!

आता तुम्ही म्हणाल, सासूबाई. मला आठवतं. माझा डावा हात एकदा पेटीला लागला होता, तर त्यांनी पळीने बोटांवर मारलं होतं. पेटीत डावा हात घालायचा नाही म्हणजे नाही. म्हणूनच कोणाच्या डोक्यात आलं नाही. म्हणून मी फादरांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, करवंटीसकट. ते इतके हसले की त्यांना बसावं लागलं. मग म्हणाले, ‘फ्लॉसी, डाव्या हाताने मसाला घालणं पाप आहे असं कुठे लिहिलेलं मला आढळलं नाही. उरलं सासूचं. तिच्यापुढे माझं काही चालत नाही.’

धणे घेऊन बघा. सांडले तर मला शिव्या द्या, त्याच हाताने.

फ्लॉसी


माझगाव
४ मे १९५५

फ्लॉसी,

हे तुला फेब्रुवारीत सुचलं नाही? दूध फेब्रुवारीत उतू जात नाही का? पस्तीस रुपयांच्या मिरच्यांमधली एक टोपली काढा झाली, माझी आसवं वहिनीच्या कांद्यावर गेली, आणि उत्तर माझ्या खांद्याला लटकत होतं. आठ हाडांचे फोटो काढणाऱ्या त्या डॉक्टरला आज जाऊन म्हटलं, तुम्ही हाडं मोजलीत, हात मोजायचे राहिले. त्याला कळलं नाही. मी सांगितलं तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला, आणि लग्नाच्या मसाल्याची एक बाटली मागितली. देणार आहे. सुई बाहेर काढली त्याबद्दल.

आता ऐक. पत्र आलं तेव्हा दुपार होती. वहिनी झोपली होती. मी धण्याचा डबा घेतला, दार लावून घेतलं आणि डावा हात आत घातला. घालताना पळी बसेल म्हणून मान आखडून घेतली. बसली नाही. मूठ भरली, वर उचलली, उलटी केली, हलवली. एक दाणा पडला नाही. मी तिथेच खाली बसले. मग उजवा हात घेतला, तो बिचारा अर्धा उघडा, आणि त्याने डावी मूठ वरून धरली. तेवढं त्याला जमतं. पुरे. म्हातारीला काय उत्तर द्यायचं ते मी वर तिच्याकडे गेल्यावर बघेन, अजून घाई नाही.

मी गुरुवारी, बारा तारखेला येते. फर्डिनंडला स्टेशनावर बैलगाडी घेऊन पाठव. तोच बैल नको.

मिरच्या बुधवारी माळ्यावरून खाली काढ. उखळ धुऊन ठेव. बायांना चहा तू कर, तुझा चहा चांगला असतो, हे लिहिलं म्हणून डोक्यात घेऊ नकोस. सुझानलाही बोलाव, लग्न अजून व्हायचं असलं तरी. तिच्या आईला काय वाटायचं ते वाटू दे. मला पोरीची मूठ बघायची आहे. दोन्ही मुठी. आणि तुझीही पुन्हा बघेन, अठराव्या वर्षी सांडलं म्हणजे जन्मभर सांडतं असं नाही. पेटी तुझ्या चुलीच्या आणि माझ्या चुलीच्या मधल्या ओट्यावर ठेव. चावी खिळ्याला. झुरळ दिसलं तर कोणीही मारावं.

आता राहिले हे. तीन महिन्यांत त्यांच्या हातची एक ओळ आली नाही, केळी आली. त्यांना हे पत्र पूर्ण वाचून दाखव, गाळू नकोस. ती करवंटी त्यांच्यासमोर ठेव आणि विचार, तीस वर्षांत यांनी माझी मूठ कधी बघितली, आणि ती एवढी मोठी यांना कुठून वाटली? हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून पाठवायचं, तुझ्या नाही. माझी उजवी मूठ आता पुरती मिटत नाही हे त्यांना सांग. डावी मिटते, हेही सांग.

उत्तर शनिवारपर्यंत इथे पाहिजे.

हेलन